विश्लेषण : गड, फौज आणि आरमार हाती असूनही ताराराणींना शाहू महाराजांपुढे माघार का घ्यावी लागली?

वारणा नदी आज सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांची सीमा आहे. १७३१ मध्ये हीच नदी सातारा आणि करवीर या दोन मराठी राज्यांची सीमा ठरली. त्यामागे दोन तपांची भाऊबंदकी होती. तिच्या केंद्रस्थानी होत्या औरंगजेबाशी सात वर्षे झुंजलेल्या महाराणी ताराबाई.

कोण होत्या ताराराणी?

ताराबाईंचा जन्म १६७५ चा. त्या सरसेनापती हंबीरराव मोहिते यांच्या कन्या. मोहित्यांचे गाव कराडजवळचे तळबीड. हंबीरराव १६८७ मध्ये वाईजवळच्या लढाईत पडले. ताराबाईंचा विवाह छत्रपती राजाराम महाराजांशी झाला होता. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले, तेव्हा साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्याला औरंगजेबाचा वेढा पडलेला होता. पुढच्याच महिन्यात किल्ला पडला. ताराबाईंनी अल्पवयीन मुलगा शिवाजी याला गादीवर बसवून कारभार हाती घेतला. औरंगजेब एकेक गड घेत गेला आणि मराठे ते परत घेत गेले. मार्च १७०७ मध्ये अहमदनगरजवळ औरंगजेबाचा मृत्यू झाला.

यादवी कशी सुरू झाली?

संभाजी महाराजांचे पुत्र शाहू १६८९ पासून मोगलांच्या कैदेत होते. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने मे १७०७ मध्ये त्यांची सुटका केली. गादीचे दोन दावेदार आपसांत लढतील आणि मोगलांना उसंत मिळेल, असा त्यामागचा हिशेब होता. शाहू खानदेशमार्गे दक्षिणेत उतरताच ताराबाईंनी ते तोतया असल्याचे जाहीर केले आणि फौज रवाना केली.

कागदावर कोण वरचढ होते?

ताराबाई. कसलेले सेनापती धनाजी जाधव, मुरब्बी मुत्सद्दी रामचंद्रपंत अमात्य आणि परशुरामपंत प्रतिनिधी त्यांच्याकडे होते. सातारा, पन्हाळा, विशाळगड, रांगणा हे किल्ले आणि कोकणात कान्होजी आंग्र्यांचे आरमार त्यांच्या बाजूचे होते. शाहूंकडे ना खजिना होता ना किल्ला. लहानपणापासूनची सुमारे १८ वर्षे कैदेत गेल्याने लढाईचा अनुभवही नव्हता. शिवाय मातोश्री येसूबाई मोगलांकडे ओलीस होत्या.

मग पारडे कसे फिरले?

याचे उत्तर मराठा फौजेच्या रचनेत आहे. मोगलांशी लढताना प्रत्येक सरदार स्वतःचे घोडदळ उभे करी आणि स्वतःच्या हिंमतीवर मुलूख मारी. एक तुकडी हरली तरी दुसरी लढत राही, म्हणून औरंगजेबाला हे राज्य बुडवता आले नाही. पण गादीचाच वाद उभा राहिला, तेव्हा फौज ज्याची, बाजू निवडण्याची मुभाही त्याचीच ठरली. थोरल्या पातीचा वारस ही शाहूंची सर्वांत मोठी ताकद होती आणि सरदारांना ती मोडवत नव्हती.

ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमेकाठी खेड येथे, म्हणजे आजच्या राजगुरुनगरजवळ, दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. बाळाजी विश्वनाथ यांच्या मध्यस्थीने धनाजी जाधव शाहूंना जाऊन मिळाले. परशुरामपंतांनी साताऱ्याचा आश्रय घेतला, पण तिथला किल्लेदारही फुटला. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहूंचा साताऱ्यात राज्याभिषेक झाला.

शाहूंची बाजू भक्कम होती का?

नव्हती. ज्या वाटेने सरदार आले, त्याच वाटेने ते परतही जाऊ शकत होते. धनाजींच्या मृत्यूनंतर सेनापती झालेले त्यांचे पुत्र चंद्रसेन १७११ मध्ये शाहूंना सोडून गेले. १७१३ मध्ये कान्होजी आंग्र्यांनी शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच कैद केले. त्यानंतर पेशवेपदी आलेल्या बाळाजी विश्वनाथ यांनी लढाई टाळून कान्होजींशी तह केला. आरमार शाहूंकडे आले.

ताराबाईंनी पन्हाळा गाठून करवीरची गादी उभी केली होती. मात्र १७१४ मध्ये घरातूनच घाव बसला. सवत राजसबाईंनी आपला मुलगा संभाजी याला गादीवर बसवले आणि ताराबाईंना मुलासह कैदेत टाकले.

वारणेचा तह काय होता?

१७३० मध्ये शाहूंच्या फौजेने वारणेकाठी करवीरच्या छावणीवर अचानक हल्ला केला. त्यात ताराबाई शाहूंच्या हाती लागल्या. पुढे त्यांनी साताऱ्यातच राहणे पसंत केले. १३ एप्रिल १७३१ च्या तहाने वारणा आणि कृष्णेच्या दक्षिणेकडचा मुलूख करवीरकडे, तर उत्तरेकडचा साताऱ्याकडे राहिला. या दोन नद्यांचा संगम सांगलीजवळ हरिपूरला होतो.

ताराराणींचा शेवटचा डाव कोणता?

डिसेंबर १७४९ मध्ये शाहू महाराजांचे निधन झाले आणि रामराजा गादीवर आले. पेशव्यांची सत्ता रोखण्यासाठी ताराबाईंनी नोव्हेंबर १७५० मध्ये त्यांना अजिंक्यताऱ्यावर कैद केले. तेव्हा त्या ७५ वर्षांच्या होत्या. किल्ला हाती होता, पण मैदानात लढायला फौज नव्हती. त्यासाठी गुजरातेतून दमाजी गायकवाड १५ हजार सैन्य घेऊन आले. निंब येथे ते जिंकले, पण पुढे वेण्णाकाठी त्यांची कोंडी झाली आणि पेशव्यांनी त्यांना कैद केले. पुन्हा एकदा उसन्या फौजेवरचा डाव फसला.

किल्ला मात्र ताराबाईंनी सोडला नाही. पेशव्यांनीही त्यावर हल्ला चढवण्याचे टाळले. अखेर सप्टेंबर १७५२ मध्ये जेजुरीला खंडेरायासमोर शपथा होऊन समेट झाला. छत्रपती साताऱ्यात नामधारी उरले आणि कारभार पुण्याला गेला.

पानिपतच्या पराभवाची बातमी ऐकून त्याच वर्षी, डिसेंबर १७६१ मध्ये, ताराबाईंचे साताऱ्यात निधन झाले. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुली येथे त्यांची समाधी आहे.