नामदार जगन्नाथ शंकरशेट

यंदाच्या स्मरणिकेत नामदार जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना यांचे अल्पचरित्र असावे, अशी मंडळाच्या चिटणिसांची इच्छा होती आणि ते काम त्यांनी माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकावर सोपविले. नाना आपल्या दैवज्ञ ज्ञातीतील, हे आपल्या घरांतील लहान मुलांसही ठाऊक असते. परंतु त्यांनी नेमके काय केले असे विचारल्यास मोठी माणसेही आगगाडीपाशी येऊन थांबतात. मी वर्गात, आगगाडी आपल्या देशात कोणी आणली, असे विचारी तेव्हा मुले एकमुखाने इंग्रजांचे नाव घेत. ते उत्तर चुकीचे नव्हे, अपुरे आहे.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे मुरकुटे घराण्यात झाला. घराणे व्यापारी व संपन्न होते. १८२२ साली वडील निवर्तले आणि एकोणिसाव्या वर्षी सर्व कारभार नानांच्या अंगावर पडला. त्यांनी तो इतक्या चोख रीतीने सांभाळला की अरब व अफगाण व्यापारीही आपला पैसा बँकेपेक्षा नानांच्या हवाली करणे अधिक सुरक्षित मानीत.

त्या वेळची मुंबई म्हणजे मुख्यतः कोट. कोटात मोठे हिरवे मैदान होते. त्याच्या एका अंगास १७१८ साली उघडलेले सेंट थॉमस चर्च, जेथे रविवारी साहेबमंडळी उपासनेस जमत. आणि त्याच मैदानाच्या काठी वर्गणीतून उभारलेले त्यांचे नाटकगृह. प्रार्थना काय आणि करमणूक काय, दोन्ही राज्यकर्त्यांचीच. न्यायासनाजवळही धर्माची भिंत होती. १८२६ च्या कायद्याने एतद्देशीयांस ज्यूरीत बसता येऊ लागले, पण ग्रँड ज्यूरीत बसावयाचे तर मनुष्य ख्रिस्ती असला पाहिजे, अशी अट होती. ती १८३२ साली उठली आणि १८३४ मध्ये मुंबईत जे पहिले एतद्देशीय जस्टिस ऑफ द पीस नेमले गेले, त्यांत नाना होते.

शिक्षणाच्या क्षेत्रातही हाच प्रश्न होता. मिशनऱ्यांच्या शाळा चांगल्या चालत, पण पालकांच्या मनात धास्ती असे. १८३९ साली डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. प्रकरण न्यायालयात गेले आणि पुष्कळ पालकांनी आपली मुले त्या शाळेतून काढून घेतली. नानांची रीत निराळी होती. नुसता निषेध करीत न बसता, धर्मशिक्षणाविना विद्या देणाऱ्या शाळा वाढविणे हा मार्ग त्यांनी धरला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या प्रोत्साहनाने चाललेल्या नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीचे ते आधारस्तंभ होते. १८४० नंतर बोर्ड ऑफ एज्युकेशनचे सभासद झाल्यावर, १८४७ च्या सुमारास अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांच्याशी त्यांचा मोठा मतभेद झाला. पेरी यांचा कल इंग्रजी माध्यमाकडे. बहुजनांस विद्या द्यावयाची तर ती देशी भाषेतून दिली पाहिजे, असे नानांचे मत. मराठी शाळेत आयुष्य काढलेल्या मला हा प्रसंग आगगाडीहूनही मोठा वाटतो, हे कबूल करतो. पुढे १८४९ साली विद्यार्थ्यांच्या साहित्य-शास्त्रीय सभेने मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा नानांनी आपल्या वाड्यातील जागा दिली. त्या काळी प्रतिष्ठित गृहस्थाने स्वतःच्या दारात मुलींची शाळा भरू देणे म्हणजे ज्ञातीतील कुजबूज पदरी घेणेच होते.

आता नाटकगृहाविषयी. कोटातील जुने नाटकगृह कर्जात बुडाले आणि १८३५ साली विकले गेले. नवे उभारावयाचे ठरले तेव्हा नानांनी ग्रँट रोडवरील आपली जागा दिली आणि १८४६ मध्ये तेथे नाटकगृह उघडले. ही जागा कोटाबाहेर, एतद्देशीय वस्तीच्या जवळ होती. साहेबांस ती दूर पडली. हळूहळू त्यांची वर्दळ ओसरली. व्यवहारदृष्ट्या हा तोटाच म्हणावयाचा. पण त्या रिकाम्या होत चाललेल्या खुर्च्यांवरच आपली रंगभूमी येऊन बसली. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीकरांच्या आश्रयाने नाटक सुरू केले होते. चिंतामणराव पटवर्धन १८५१ मध्ये वारले आणि राजाश्रय सुटला. मग भाव्यांची मंडळी गावोगाव हिंडू लागली व १८५३ साली त्यांनी ग्रँट रोडच्या नाटकगृहात तिकीट लावून खेळ केले. त्याच वर्षी तेथेच पारशी मंडळींनीही आपली नाटके आरंभिली. राजाच्या दिवाणखान्यात निमंत्रणाशिवाय कोणास बसता येत नसे. येथे ज्याच्यापाशी तिकिटाचे पैसे, तो प्रेक्षक. ते नाटकगृह आज उभे नाही. वऱ्हाडात पुढे नाटक कंपन्या आल्या आणि आपल्या आजोबा-पणजोबांनी बैलगाडीने जाऊन खेळ पाहिले, त्याचे मूळ थोडे त्या जागेतही आहे.

तिकिटाचीच दुसरी गोष्ट आगगाडीची. १८४५ च्या सुमारास नाना व सर जमशेटजी जीजीभाई यांनी रेल्वेसाठी खटपट आरंभिली आणि पुढे ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीच्या उभारणीत या दोघा एतद्देशीयांस स्थान मिळाले. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदराहून ठाण्याकडे पहिली गाडी निघाली. चौदा डबे, तीन इंजिने, सुमारे चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी आणि अंतर एकवीस मैल. नाना त्या गाडीत होते. गंमत अशी की गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड, सरसेनापती आणि ख्रिस्ती धर्मगुरू बिशप हे तिघेही आदल्या संध्याकाळीच डोंगरावरील थंड हवेत निघून गेले होते! हीच लोहवाट १८६७ साली अकोला, बडनेरा करीत नागपुरास पोहोचली. ते पाहण्यास नाना राहिले नव्हते. आज आपण वरूड ऑरेंज सिटी स्थानकावर गाडीची वाट पाहतो.

त्यांची इतर कामे येथे नुसती नमूद करतो. १८५२ च्या ऑगस्टात बॉम्बे असोसिएशन ही मुंबईतील पहिली राजकीय संस्था स्थापन झाली, तीत ते अग्रणी होते. १८५७ च्या धामधुमीत सरकारने त्यांच्यावरही संशय धरला, पण पुरावा मिळाला नाही. हिंदूंचे सोनापूरचे दहनस्थान शिवडीस हलविण्याचा घाट त्यांनी हाणून पाडला. भायखळ्याची राणीची बाग व तेथील वस्तुसंग्रहालय यांसाठी डॉ. भाऊ दाजी व जॉर्ज बर्डवुड यांच्यासह ते झटले. १८६२ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांची नेमणूक झाली, म्हणून नामदार.

अखेरची वर्षे मात्र विचित्र होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस विलायतेस जाईना आणि आपल्या वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. तो पैसा मुंबईत ओतला गेला. समुद्र भरून जमीन करण्याच्या कंपन्या, नव्या बँका, रोज नवे शेअर. १८६५ साली युद्ध संपले, कापूस कोसळला आणि जुलैच्या पहिल्या तारखेस कित्येक घराणी एका दिवसात रस्त्यावर आली. वऱ्हाडच्या शेतकऱ्यासही त्याची झळ लागलीच. त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ जुलै १८६५ रोजी, नानांचे देहावसान झाले.

त्यांचा संगमरवरी पुतळा मुंबईच्या टाउन हॉलात आहे. २०२४ साली मुंबई सेंट्रल स्थानकास त्यांचे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. परंतु आम्हा शिक्षकांस त्यांचे नाव कळले ते शिष्यवृत्तीमुळे. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्यास जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळे. पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले चिंतामणराव देशमुख यांनी ती १९१२ साली मिळविली होती. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते, आणि शिष्यवृत्तीस तशी अटही नव्हती. आपल्या मंडळाची पुस्तक-मदत केवळ ज्ञातीतील मुलांस आहे. निधी लहान असल्याने ते समजण्याजोगे आहे, पण हे चरित्र लिहिताना ती गोष्ट माझ्या मनात सारखी येत होती.

मी १९७४ साली मॅट्रिक झालो. निकालाच्या दिवशी आमच्या गुरुजींनी वर्तमानपत्रातून शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविणाऱ्याचे नाव मोठ्याने वाचले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले की हे तुमच्याच लोकांचे बरे का. माझे संस्कृताचे गुण बेताचेच होते. मी मान खाली घातली.