विश्लेषण : प्लेगच्या मुंबईत हाफकिन यांच्या लशीवर लोकांनी विश्वास का ठेवला?

नोव्हेंबर २०२२ मध्ये गोवंडीत गोवराची साथ पसरली. अनेक पालक मुलांना लस द्यायला तयार नव्हते. तेव्हा महापालिकेने वस्त्यांमधील धर्मगुरूंची मदत घेतली. हा मार्ग मुंबईला नवा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी याच शहरात एका परदेशी शास्त्रज्ञाने असाच विश्वास मिळवला होता. परळच्या हाफकिन संस्थेला ज्यांचे नाव आहे, ते वाल्डेमार हाफकिन कोण होते?

हाफकिन मुंबईत कसे आले?

हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील ओडेसा शहरात ज्यू कुटुंबात झाला. तिथल्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. धर्म बदलायला नकार दिल्याने त्यांना तिथे प्राध्यापकी मिळाली नाही. १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले, तेही आधी ग्रंथालयातील सहायक म्हणून. १८९२ मध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते भारतात आले आणि कोलकात्याच्या वस्त्यांमध्ये ती लस देऊ लागले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाल्यावर सरकारने त्यांना इकडे पाठवले.

तेव्हा शहरात काय स्थिती होती?

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतर सरकारी पथके घरोघरी शिरून रुग्ण शोधू लागली. रुग्णाला घरच्यांपासून तोडून रुग्णालयात नेले जाई. तिथे गेलेला माणूस परत येत नाही, असा समज पसरला. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला आणि सक्ती आणखी वाढली. लोक आजारी माणसाला लपवू लागले, त्यामुळे साथ रोखणे अधिकच अवघड झाले.

हजारो लोक रेल्वेने आणि बोटीने शहराबाहेर पडले. आज उपनगरे म्हणून ओळखली जाणारी अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही तेव्हा ठाणे जिल्ह्यातील गावे होती. साथ शहराच्या हद्दीत थांबली नाही. वांद्र्याच्या गावठाणांत त्या काळात उभारलेले प्लेगचे क्रूस आजही दिसतात.

लस कशी तयार झाली?

हाफकिन यांना ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये एक खोली आणि व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई होते. प्लेगचे जंतू वाढवायचे, मग उष्णता देऊन मारायचे आणि ते मेलेले जंतू शरीरात टोचायचे, अशी ही पद्धत होती. शरीराला रोगाची ओळख होते, पण रोग होत नाही. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळा तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली. तुरुंगातल्या माणसाची संमती किती मोकळी असते, हा प्रश्न आजच्या निकषांवर उरतोच.

लोक लस घ्यायला का तयार झाले?

लस घेतल्यावर ताप येई, दंड सुजे. हातावर पोट असलेल्यांची मजुरी बुडे. अफवाही होत्याच. अशा वेळी समाजातील माणसे पुढे आली. खोजा समाजाचे तरुण प्रमुख तिसरे आगाखान यांनी सर्वांदेखत लस टोचून घेतली आणि अनुयायांना तसे करायला सांगितले. हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपली वास्तूही दिली. खोजा समाजातील हजारो लोकांनी लस घेतली.

दुसरे कारण म्हणजे आकडे. हाफकिन एकाच गावातील लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या लोकांची तुलना करत. १८९७ मध्ये पोर्तुगीज दमणमध्ये लस घेतलेल्या २,१९७ जणांपैकी ३६ जण दगावले. लस न घेतलेल्या ६,०३३ जणांपैकी १,४८२ जणांचा मृत्यू झाला. लस पूर्ण संरक्षण देत नव्हती, पण फरक मोठा होता. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली.

मग विश्वासाला तडा कसा गेला?

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबमधील मुल्कोवाल गावात लस घेतलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. सगळ्यांना एकाच बाटलीतील लस दिली होती. चौकशीत दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. मात्र गावात ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे पुराव्यांत नोंदलेले होते. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह नामवंत शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू जाहीरपणे मांडली आणि ते दोषमुक्त ठरले. ते भारतात परतले, पण कोलकात्यात. पूर्वीचे काम त्यांना मिळाले नाही. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

आज याचे महत्त्व काय?

१८९७ या एकाच वर्षाने मुंबईला दोन गोष्टी दिल्या : साथरोग कायदा आणि प्लेगची लस. करोनाकाळात, मार्च २०२० मध्ये, राज्याने तोच कायदा लागू केला. कायद्याने घराचा दरवाजा उघडता येतो, पण आत लपवलेला रुग्ण स्वतःहून पुढे येण्यासाठी त्याला सांगणारे माणूस ओळखीचे असावे लागते. मुल्कोवालची आठवणही तितकीच गरजेची आहे. लस देताना चूक झाली, तर नेमके कुठे काय चुकले हे लोकांना लवकर आणि खरे सांगावे लागते. हाफकिन यांच्या बाबतीत त्याला पाच वर्षे लागली.