यागींचा अँटेना

जपानच्या ईशान्येकडील सेंदाई शहरात ३१ मार्च २०१२ रोजी दूरचित्रवाणीचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपण कायमचे थांबले. देशाच्या इतर भागांत ते जुलै २०११ मध्येच बंद झाले होते. भूकंप आणि त्सुनामीने उद्ध्वस्त झालेल्या तीन प्रांतांना तेवढी मुदत वाढवून मिळाली होती. घराघरांतले संच बदलले, काहींना वेगळी पेटी जोडावी लागली. छपरावरचा यूएचएफ अँटेना मात्र पुष्कळ ठिकाणी होता तसाच राहिला आणि डिजिटल चित्रे त्याच जुन्या काड्यांतून घरात उतरू लागली. काड्यांची ती मांडणी जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वी याच शहरात प्रथम सिद्ध झाली होती.

तिला ज्यांचे नाव मिळाले ते हिदेत्सुगु यागी २८ जानेवारी १८८६ रोजी ओसाका येथे जन्मले. १९०९ मध्ये त्यांनी तोक्योच्या विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. १९१३ मध्ये ते जर्मनीत ड्रेस्डेनला बार्कहाउझेन यांच्याकडे अध्ययनासाठी गेले. वर्षभरात महायुद्ध पेटले आणि जर्मनीचे दार बंद झाले. मग लंडनला फ्लेमिंग आणि अमेरिकेत हार्वर्डला पिअर्स अशा गुरूंकडे शिकून ते मायदेशी परतले व सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात रमले. बिनतारी तरंग जितके आखूड तितके ते एका दिशेने धाडणे सोपे, हा विचार त्यांनी युरोपातूनच आणला असावा.

१९२०च्या दशकाच्या मध्यास त्यांचे तरुण सहकारी शिंतारो उदा यांनी हा विचार प्रयोगात उतरवला. रचना आश्चर्य वाटावे इतकी साधी आहे. तार जोडलेली काडी एकच. तिच्या मागे थोडी लांब काडी तरंग परतवते, पुढच्या आखूड काड्या त्यांना वाट दाखवतात. मागच्या-पुढच्या काड्यांना वीज नाही, तार नाही; केवळ लांबी आणि अंतर यांच्या हिशेबाने सारे सामर्थ्य एका दिशेला गोळा होते.

१९२६ मध्ये दोघांच्या नावे निबंध प्रसिद्ध झाला. पुढे उदा यांनी जपानी भाषेत निबंधांची मालिका लिहिली, परंतु ती वाचणारे जपानबाहेर कोण होते? पेटंट एकट्या यागींच्या नावे निघाले. १९२८ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यात त्यांनी हा विषय इंग्रजीत मांडला आणि जगाने त्याला यागी अँटेना म्हटले. त्या निबंधात उदा यांच्या कामाचा उल्लेख होता, हे यागींच्या बाजूने सांगितले पाहिजे. तथापि नाव एकदा रूढ झाले की तळटीपा कोण वाचतो! आज अभ्यासक आवर्जून यागी-उदा असे जोडनाव वापरतात. तो न्याय उशिरा झाला.

मायदेशात या शोधाची कदर झाली नाही. अमेरिकेतील पेटंट १९३२ मध्ये आरसीए कंपनीच्या नावे झाले. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले, तेव्हा जपानी सैन्याच्या हाती एका ब्रिटिश रडार-सैनिकाच्या टिपणांची वही लागली. तीत यागी हा शब्द वारंवार येत होता आणि अर्थ कोणालाच उलगडेना. अखेर ते एका जपानी प्राध्यापकाचे नाव आहे, हे युद्धकैद्याने जपान्यांना सांगितले. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमावर टाकलेल्या बाँबमध्ये जमिनीपासूनची उंची मोजणारे रडार होते आणि त्याचे अँटेनाही यागी पद्धतीचेच होते. ते ज्याच्या नावाने ओळखले जात, तो युद्धकाळात जपान सरकारच्या तंत्रविज्ञान खात्याचा प्रमुख होता.

युद्धानंतर ते ओसाका विद्यापीठाचे अध्यक्ष झाले, पण युद्धकाळातील पदामुळे त्यांना दूर व्हावे लागले. १९५२ मध्ये त्यांच्या नावाची अँटेना कंपनी निघाली, पुढच्या वर्षी ते संसदेच्या वरिष्ठ सभागृहात निवडून गेले. जपानी दूरचित्रवाणी १९५३ मध्येच सुरू झाली आणि छपराछपरांवर त्या काड्या उगवल्या. १९५६ मध्ये सरकारने त्यांना संस्कृती-सन्मान दिला.

डिजिटल युग त्यांनी पाहिले नाही, मात्र त्यांचा अँटेना त्या युगासाठी नव्याने शोधावा लागला नाही. अँटेना तरंग पकडतो. त्यात अ‍ॅनालॉग चित्र आहे की डिजिटल अंकांची मालिका, हे त्याला कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही. अंकांचे चित्र करणे ट्यूनरचे काम. डिजिटल अँटेना म्हणून जो चढ्या भावाने विकला जातो, तो बहुधा हाच असतो. अडचण लांबीची आहे. डिजिटल वाहिन्या बहुतांशी यूएचएफ पट्ट्यात असल्याने त्या मापाचा जुना अँटेना चालतो. व्हीएचएफसाठीचा लांब काड्यांचा अँटेना तिथे अपुरा पडतो. आणि पूर्वी अँटेना किंचित हलला तर पडद्यावर मुंग्या दिसत. डिजिटल चित्र एक तर स्वच्छ दिसते, नाही तर तुटून नाहीसे होते. दूरदर्शनने २०१६ मध्ये ज्या सोळा शहरांत डिजिटल भूप्रक्षेपण सुरू केले, त्यांत मुंबई आणि औरंगाबादबरोबर इंदूरही होते.

उदा मात्र भारतात प्रत्यक्ष राहून गेले. १९५५ ते १९५८ या काळात युनेस्कोचे तज्ज्ञ म्हणून ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत काम करत होते. ते गेल्यानंतर वर्षभराने, १९५९ मध्ये, त्याच दिल्लीत भारतीय दूरचित्रवाणीचे पहिले प्रक्षेपण झाले. यागींचे निधन जानेवारी १९७६ मध्ये झाले आणि उदा यांचे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये.