तिरडीला लागलेली रमा

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की आपल्याकडे चर्चा धर्मांतरापाशी घुटमळते. दुष्काळाचा विषय सहसा कोणी काढीत नाही. वस्तुतः त्यांच्या श्रद्धेचे मूळ तेथेच शोधावयास हवे. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण ही तिघे पाठोपाठ उपासमारीने गेली. होते नव्हते ते द्रव्य देवांच्या आराधनेत सरलेले. आईची तिरडी उचलावयास माणसे पुरेनात. रमेलाही हात लावावा लागला, आणि उंची बेताची म्हणून तो भार तिने डोक्यावर घेतला.

पुढे कलकत्त्यास विद्वत्तेचा गौरव झाला, पण १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी निवर्तले. इंग्लंडात पतित स्त्रियांची शुश्रूषा करणाऱ्या जोगिणींचे काम त्यांनी पाहिले. त्यामागचे कारण विचारता एका जोगिणीने शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. थकलेला ख्रिस्त विहिरीपाशी बसतो आणि अव्हेरलेल्या समाजातील बाईजवळ पाणी मागतो. ज्यांच्यापुढे मागता मागता घर संपले त्या देवांहून हा मागणारा देव निराळा होता. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बुद्धी मात्र गहाण टाकली नाही. त्रैक्याच्या सिद्धान्तावरून गुरुभगिनींशी त्या पत्रांतून भांडतच राहिल्या.

१८८९ मध्ये मुंबईत निघालेले शारदासदन पुढे पुण्यास आले. तेथील मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे वळू लागल्या तेव्हा, १८९३ साली, गहजब झाला. धार्मिक तटस्थतेचे आश्वासन दिलेले असल्याने पालकांचा आक्षेप सर्वस्वी निराधार होता असे म्हणवत नाही. तथापि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात जाऊन हाडांचे सापळे झालेल्या मुली गोळा करून आणल्या त्या रमाबाईंनी, आक्षेपकांनी नव्हे. पुण्यात प्लेग होता, म्हणून त्यांना केडगावच्या माळावर नेले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर ‘मुक्ती’तील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. मुली माग चालवीत, छापखान्यात खिळे जुळवीत. अंध मुलीही वाचावयास शिकल्या.

जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाई हिब्रू व ग्रीक मुळांवरून चालविलेल्या बायबलाच्या मराठी भाषांतराकडे परतल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले. तो ग्रंथ केडगावच्याच छापखान्यातून १९२४ साली बाहेर पडला.