नामदार गोखले : कोल्हापुरांतील एक नट-विद्यार्थी

दरवर्षीं स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले म्हणजे खालच्या वर्गांतील मुलें शिक्षकांभोंवतीं गर्दी करितात. कोणास राजा व्हावयाचें असतें, कोणास शेतकरी, तर कोणास नुसता कोंबडा झालें तरी चालतें. इंग्रजी नाटुकल्यांत ज्याच्या वांट्यास एकच वाक्य आलें, तें मूल तें वाक्य घरीं, वाटेंत, अंगणांत म्हणत सुटतें. अशा वेळीं एखादे पालक विचारतात कीं, या खेळांत अभ्यासाचे दिवस कां दवडावे? प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर वादानें देण्यापेक्षां याच कोल्हापुरांत शिकलेल्या एका विद्यार्थ्याचें चरित्र सांगून द्यावें, हें बरें. तो विद्यार्थी म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले.

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक या गांवीं झाला. त्यांचे वडील कृष्णराव हे कोल्हापुराजवळील कागल येथें नोकरीस होते. गोपाळाचे पहिले धडे कागलास झाले व पुढील शिक्षणासाठीं वडील बंधु गोविंदराव यांजबरोबर तो कोल्हापुरास आला. सन १८७९ मध्यें वडील निवर्तले आणि घरावर आकाश कोसळलें. गोविंदरावांनीं आपलें शिक्षण सोडलें, दरमहा १५ रुपयांची नोकरी पत्करिली, आणि त्यांतील ८ रुपये ते धाकट्या भावास धाडूं लागले. बाकी घर उरलेल्या ७ रुपयांत चालावयाचें! आपल्या प्रत्येक पुस्तकामागें भावाच्या मोडलेल्या शिक्षणाची किंमत आहे, ही जाणीव त्या तेरा वर्षांच्या मुलास होती. तो स्वतःच्या हातानें स्वयंपाक करी, व तेल वांचविण्यासाठीं रस्त्यावरील दिव्याखालीं अभ्यास करी, असें त्याचे चरित्रकार सांगतात. सन १८८१ मध्यें तो मॅट्रिक झाला व येथील राजाराम कॉलेजांत दाखल झाला.

गोपाळाची बुद्धि असामान्य होती असें त्या वेळीं कोणास वाटलें नाहीं. असामान्य होती ती त्याची चिकाटी. इंग्रजी ही परकी भाषा. ती गल्लींत ऐकूं येत नसे, बाजारांत तिचा उपयोग नसे. तेव्हां गोपाळानें एकच मार्ग धरिला. चांगलें इंग्रजी दिसलें कीं तें मुखोद्गत करावयाचें. स्कॉटच्या काव्यांतील दीर्घ उतारे, बर्कच्या लेखांतील पानेंच्या पानें तो घडाघडा म्हणत असे. हें पाठांतर त्यास जन्मभर उपयोगी पडलें. परंतु पाठांतरांत एक धोका असतो. मनुष्य एकटाच भिंतीकडे तोंड करून बोलत राहतो. शब्द जिभेवर येतात, पण ते कोणास उद्देशून बोलावे, कोठें थांबावें, समोरच्याचें ऐकून मग कसें उत्तर द्यावें, हें भिंत शिकवीत नाहीं. तें शिकण्यास समोर माणसें लागतात.

तशी संधि गोपाळास सन १८८२ मध्यें आली. कोल्हापूर संस्थानचे दिवाण माधवराव बर्वे हे अल्पवयी महाराजांचा छळ करीत आहेत, अशा आशयाचा मजकूर पुण्याच्या ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनीं छापिला होता. ज्या पत्रांवर हा मजकूर आधारलेला होता तीं पत्रें बनावट ठरलीं व संपादक आगरकर आणि टिळक यांजवर अब्रुनुकसानीचा खटला चालला. खटल्याच्या खर्चासाठीं जागोजाग निधि जमूं लागला. कोल्हापुरांतील विद्यार्थ्यांनीं त्यासाठीं शेक्सपियरच्या ‘कॉमेडी ऑफ एरर्स’ या नाटकाचा प्रयोग केला, आणि त्यांत गोपाळानें स्त्रीची भूमिका केली. त्या काळीं कुलीन स्त्रिया रंगभूमीवर येत नसत, म्हणून मुलांनाच लुगडें नेसावें लागे.

हें नाटक हंसविणारें आहे. एकसारख्या दिसणाऱ्या दोन जुळ्या भावांच्या जोड्या, एक धन्यांची व एक नोकरांची, एकाच शहरीं येतात, आणि प्रत्येक जण भलत्याच माणसास आपला समजून बोलतो. अशा नाटकांत नुसते शब्द पाठ असून भागत नाहीं. दुसऱ्याचें वाक्य कान देऊन ऐकावें लागतें. क्षणभर उशीर झाला तर हंशा बुडतो, क्षणभर घाई झाली तर घोंटाळा प्रेक्षकांस कळत नाहीं. अंगानें किरकोळ, स्वभावानें भिडस्त असा तो सोळा वर्षांचा मुलगा नगरवासीयांच्या समोर उभा राहिला, तेव्हां त्यास एक मोठी गोष्ट अनुभवास आली असली पाहिजे. भाषा ही पाठ करण्याची वस्तु नसून एका मनुष्यानें दुसऱ्यास देण्याची वस्तु आहे. त्या एका प्रयोगानें गोखले वक्ते झाले, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. बीज एका दिवसांत वृक्ष होत नाहीं. पण तें मातींत कधीं पडलें, हें पाहणें मनोरंजक असतें.

खटल्याचा निकाल संपादकांविरुद्ध लागला व दोघांस मुंबईच्या डोंगरी तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले. नवल असें कीं, इकडे विद्यार्थ्यांनीं ज्यांच्यासाठीं शेक्सपियर रंगविला, ते आगरकरही तुरुंगांत शेक्सपियरच्याच ‘हॅम्लेट’चें मराठी रूपांतर करण्यांत गढले होते. पुढील वर्षीं तें ‘विकारविलसित’ या नांवानें प्रसिद्ध झालें.

गोखले पुढें पुण्यास डेक्कन कॉलेजांत व नंतर मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकले आणि सन १८८४ मध्यें, अठराव्या वर्षीं, बी. ए. झाले. बंधूंचें ऋण फेडण्यासाठीं त्यांनीं भरपूर पगाराची सरकारी नोकरी धरावी, अशी घरच्यांची अपेक्षा असल्यास त्यांत गैर कांहींच नव्हतें. परंतु सन १८८५ च्या आरंभीं ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्यें दरमहा ३५ रुपयांवर शिक्षक झाले. ज्यांच्यासाठीं त्यांनीं तोंडास रंग फांसला होता, त्यांच्याच शाळेंत ते आले. पुढें फर्ग्युसन कॉलेजांत त्यांनीं इंग्रजी, गणित, इतिहास व अर्थशास्त्र शिकविलें, आणि सन १९०२ मध्यें ते निवृत्त झाले.

सन १८८६ मध्यें, वयाचीं वीस वर्षें पुरीं होण्यापूर्वीं, गोखले पुनः कोल्हापुरांत व्यासपीठावर उभे राहिले. या वेळीं लेखकानें लिहून दिलेलें भाषण नव्हतें. ब्रिटिश अमलाखालील हिंदुस्थान या विषयावर ते स्वतःचे विचार इंग्रजींत मांडीत होते, आणि अध्यक्षस्थानीं सरकारचे प्रतिनिधि विल्यम ली-वॉर्नर हे होते. विरुद्ध मत असूनही अध्यक्षांनीं त्यांच्या भाषेची वाखाणणी केली. नाटकापासून या भाषणापर्यंत अवघीं चार वर्षें लोटलीं होतीं.

पण वाणी आली म्हणजे तिच्याबरोबर जबाबदारीही येते. सन १८९७ मध्यें गोखले वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यास विलायतेस गेले. तेथें असतां, पुण्यांतील प्लेगच्या बंदोबस्तांत सोल्जरांनीं स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या पुण्याहून आलेल्या बातम्या त्यांनीं जाहीर केल्या. परत आल्यावर पुरावा देण्यास कोणी पुढें येईना. तेव्हां त्यांनीं उघड क्षमा मागितली. स्वकीयांनीं त्यांस भित्रे म्हटलें. तें दुःख त्यांनीं निमूटपणें सोसलें. नाटकांतील चूक हंशावारी जाते, पण जगांत बोललेला शब्द सिद्ध करावा लागतो, हा धडा त्यांनीं जन्मभर जपला. यापुढील त्यांचीं भाषणें आंकड्यांनीं व आधारांनीं इतकीं भरभक्कम असत कीं, मोठमोठे अधिकारी त्यांस उत्तर देण्यापूर्वीं विचार करीत.

मोठ्या कायदे कौन्सिलांत पोंचल्यावर या वाणीचा उपयोग त्यांनीं कोणासाठीं केला? प्राथमिक शाळेंत न पोंचलेल्या मुलांसाठीं. सन १९११ च्या मार्चमध्यें त्यांनीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल मांडिलें. सहा ते दहा वर्षांच्या मुलांस शाळेंत धाडणें सक्तीचें करण्याची मोकळीक स्थानिक संस्थांस असावी, एवढीच त्यांची माफक मागणी होती. सन १९१२ मध्यें तें बिल १३ विरुद्ध ३८ मतांनीं फेंटाळलें गेलें. गोखले हरले, पण खचले नाहींत. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. त्यानंतर दोनच वर्षांनीं, सन १९१७ मध्यें, श्रीमच्छत्रपति शाहू महाराजांनीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, तें याच कोल्हापूर संस्थानांत. सर्व देशासाठीं तसा कायदा अंमलांत येण्यास मात्र १ एप्रिल २०१० उजाडावा लागला.

पालकहो, आपल्या प्रश्नाचें उत्तर या चरित्रांत आहे. ज्या दिवसांत मूल इंग्रजी नाटुकलें बसवितें, ते दिवस अभ्यासाचेच असतात. वहींतील शब्दास तेथें तोंड फुटतें, कान फुटतात, शेजारचा सोबती मिळतो. मात्र अर्थ न समजतां पोपटासारखें बोलविलें तर तें नाटक नव्हे, नुसती घोकंपट्टीच होय.

आणि विद्यार्थिमित्रहो, धन्यानें दिलेलें द्रव्य भयानें मातींत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दृष्टांत तुम्हीं प्रार्थनेच्या वेळीं ऐकिला आहे. शिकलेली भाषाही तसेंच द्रव्य आहे. चुकेन म्हणून गप्प बसणारा तें पुरून ठेवितो. यंदा संमेलनांत तुमच्या वांट्यास एकच वाक्य आलें, तरी तें उभे राहून, समोरच्याकडे पाहून, स्पष्ट बोला. आठ रुपयांवर शिकणारा एक भिडस्त मुलगा याच गांवीं असाच उभा राहिला होता. आणि पुढें तोच, ज्यांस बोलतां येत नव्हतें त्यांच्यासाठीं बोलला.