त्रिंबकजी डेंगळे : चरित्र, दंतकथा आणि 'झेप'

१८१७ च्या डिसेंबरअखेर दुसरा बाजीराव जुन्नरकडील घाटवाटा सोडून चाकणच्या बाजूने पुण्याकडे वळला, तेव्हा पंधरा महिने डोंगररानांत काढलेला त्याचा जुना कारभारी त्याला येऊन मिळालेला होता. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावी हल्ल्याची सूत्रे हलविणाऱ्यांत तो होता. फेब्रुवारीत लेफ्टनंट कर्नल डीकनने चाकणचा किल्ला घेतला आणि तो मुलूख पेशव्यांच्या हातून गेला. ना. सं. इनामदार यांच्या 'झेप' या कादंबरीचा नायक त्रिंबकजी डेंगळे तो हाच.

त्रिंबकजी निमगाव जाळीचा. पेशव्यांच्या पदरी तो प्रथम जासूद होता. १८०२ मध्ये होळकरांच्या भयाने बाजीराव महाडास गेला, तेव्हा महाडाहून पत्र घेऊन पुण्यास जाणे व उत्तर घेऊन परतणे त्याने विलक्षण थोड्या वेळात केले, अशी हकीकत ग्रँट डफने दिली आहे. दरबारातील त्याच्या उत्कर्षाचे मूळ असे त्याच्या पायांत होते. चरित्रकार ही गोष्ट गमतीदार आख्यायिका म्हणून सांगून पुढे जातात. वस्तुतः पुढील साऱ्या घटनांची किल्ली येथेच आहे.

जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात बडोद्याचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला. एल्फिन्स्टनने त्याचा ठपका त्रिंबकजीवर ठेवला आणि बाजीरावाला सप्टेंबरात त्याला इंग्रजांच्या स्वाधीन करावे लागले. ठाण्याच्या किल्ल्यात त्याच्यावर गोरे पहारेकरी नेमले होते, आणि हीच दक्षता त्यांना नडली. एका अंमलदाराचा मराठा मोतद्दार कोठडीखालून येता-जाता गाणी म्हणे. सुटकेचा बेत त्या गाण्यांतून आत पोहोचे. पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हते. १२ सप्टेंबर १८१६ च्या पावसाळी रात्री शौचकूपाच्या भिंतीला पाडलेल्या भगदाडातून तो निसटला. बिशप हेबरने हे गाणे आपल्या प्रवासवृत्तात इंग्रजी पद्यात दिले आहे. मूळ मराठी शब्द त्याच्या पुस्तकात नाहीत. एका माणसाला बंदिवासातून सोडविणारी रचना परभाषेच्या वेषात उरावी, हे मराठी लोकवाङ्मयाच्या अभ्यासकाला चटका लावणारे आहे.

पुढे नाशिक, संगमनेर, खानदेश, महादेवाचे डोंगर. भिल्ल, रामोशी, मांग यांच्या आश्रयाने व साथीने तो राहिला आणि त्यांच्यातूनच त्याने माणसे उभी केली. जासुदाला ठाऊक असलेल्या वाटा कारभाऱ्याच्या कामी आल्या. बाजीराव उघडपणे त्याच्यावर दोन लाखांचे बक्षीस लावीत होता आणि गुप्तपणे त्याला पैसा पोचवीत होता. या दुटप्पीपणाची किंमत १३ जून १८१७ च्या पुणे तहात मोजावी लागली. तत्पूर्वीच सिंहगड, पुरंदर व रायगड तारण म्हणून इंग्रजांकडे गेले होते.

या पंधरा महिन्यांविषयीची साधने बहुतांशी पाठलाग करणाऱ्यांच्या लेखणीतली आहेत. त्यांत स्वारांची संख्या सापडते, भूक सापडत नाही. ऐतिहासिक कादंबरीला येथे जागा मिळते, आणि जोखीमही येथेच असते. इनामदारांनी नायकाची बाजू उघडपणे घेतली. इंग्रजी इतिहासलेखनाने रंगविलेल्या खलपुरुषाला उत्तर म्हणून ते समजण्यासारखे आहे. पण शास्त्र्यांच्या खुनाचा प्रश्न कादंबरीतील सहानुभूतीने निकालात निघत नाही, हे अध्यापनात विसरता कामा नये. मामलती मक्त्याने देण्याच्या पद्धतीत रयतेची जी नागवणूक झाली, तिच्याशीही त्रिंबकजीचे नाव जोडलेले आहे.

१८१८ मध्ये नाशिकजवळ अहीरगावी कॅप्टन स्वान्स्टनने त्याला पकडले. ठाण्याहून त्याची रवानगी गंगाकाठच्या चुनार किल्ल्यात झाली. १८२४ मध्ये हेबर तेथे गेला, तेव्हा शयनगृहाच्या जाळीच्या खिडक्यांपलीकडेच पहारा असे. लहानखुरा, चपळ, तापट असा हा कैदी. चार नोकर, एक लहानसे देवघर, पिंपळाच्या सावलीतली छोटी बाग. त्या बागेत त्याने तेरडा लावला होता. तो ठाण्याहून निसटला त्या भाद्रपदात सह्याद्रीचे उतार तेरड्यानेच रंगलेले असतात. १८२९ मध्ये चुनारलाच तो मरण पावला.