डॅशबोर्डवरच्या काट्यामागचा माणूस: यूजेन बोर्डन

पंक्चरवाल्याकडचं हवेचं मीटर, वेल्डिंगच्या दुकानात ऑक्सिजन सिलिंडरवर असलेली दोन घड्याळं, राईस मिलच्या बॉयलरवरची मोठी तबकडी आणि पिकअपच्या केबिनमध्ये हौसेने बसवलेलं बूस्ट मीटर, या सगळ्यांत काय सारखं आहे? काट्याच्या मीटरच्या पोटात बहुतेक वेळा एकच वस्तू सापडते: वाकवलेली एक चपटी नळी. ती ज्याच्या नावाने ओळखली जाते, त्या यूजेन बोर्डनची ही गोष्ट. खरा फ्रेंच उच्चार बुर्दोंच्या जवळ जातो, पण इंजिनिअरिंगला आपण सगळेच बोर्डन ट्यूब म्हणत आलो, म्हणून इथेही तेच ठेवतो.

सुरुवात: व्यापाऱ्याचा मुलगा

बोर्डनचा जन्म ८ एप्रिल १८०८ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील व्यापारी. मुलाने गादीवर बसावं म्हणून त्यांनी त्याला जर्मन शिकायला न्यूरेंबर्गला धाडलं. परत आल्यावर तो काही काळ घरच्या धंद्यात होताही. १८३० मध्ये वडील वारले आणि त्याने वाट बदलली. आधी चष्मे-दुर्बिणीवाल्याच्या दुकानात काम केलं, मग स्वतःचा कारखाना काढला. १८३५ पासून पॅरिसच्या फोबूर द्यू ताँप्ल रस्त्यावर त्याचं वर्कशॉप होतं.

त्याची खरी आवड वाफेच्या इंजिनाची. १८३२ मध्ये त्याने काचेचा सिलिंडर असलेलं छोटं इंजिन बनवून दाखवलं, म्हणजे आतला दट्ट्या कसा चालतो ते बाहेरून दिसावं. पुढे शिकवण्यासाठी वापरता येतील अशी छोटी इंजिनं त्याने शेकड्यांनी बनवली. आत चाललेलं बाहेर दिसलं पाहिजे, हा ध्यास तेव्हापासूनचा.

अडचण काय होती?

त्या काळात बॉयलर फुटून माणसं मरायची. दाब किती झाला हे कळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे पाऱ्याची नळी. आता हिशेब बघा. एक वातावरणाएवढ्या दाबाला पारा ७६ सेंटिमीटर चढतो. सहा वातावरण मोजायचे तर नळी साडेचार मीटरहून उंच हवी, आणि तीही काचेची! गिरणीत भिंतीला ती कशीबशी उभी करता येईल. पण धडधडत जाणाऱ्या रेल्वे इंजिनात, ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर? शक्यच नव्हतं. म्हणजे ज्याच्या हातात वाफ, त्यालाच आकडा दिसत नाही.

चेपलेली नळी

याचं उत्तर एका बिघाडातून मिळालं. कारखान्यात गुंडाळी केलेली धातूची नळी तयार होत असताना चेपली गेली. ती पुन्हा गोल करण्यासाठी तिचं एक टोक बंद करून आत दाबाने पाणी सोडलं. नळी फुगू लागली, पण सोबत तिची गुंडाळीही उलगडू लागली. दाब जेवढा वाढेल तेवढं टोक पुढे सरकत होतं. दुसऱ्या कुणी ती नळी भंगारात टाकली असती. बोर्डनने तिच्यात मोजमाप पाहिलं.

जत्रेत मिळणारी कागदी पिपाणी आठवा. फुंकली की गुंडाळी सुटते, सोडली की परत वळते. बोर्डनची नळी त्याच्या जवळचंच काम करते, फक्त ती धातूची असते आणि टोक काही मिलिमीटरच हलतं. इंग्रजी सी अक्षरासारखी वाकवलेली चपटी नळी; एका टोकातून दाब आत येतो, दुसरं टोक बंद. दाबाने चपटेपणा कमी होतो, वाक सरळ व्हायला बघतो, आणि छोटी दांडी व दातेरी चाकं ती हालचाल मोठी करून काट्याला देतात.

१८४९ मध्ये त्याने पेटंट घेतलं. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात या मीटरला पदक मिळालं आणि फ्रान्सने त्याला लीजन ऑफ ऑनर दिला. लवकरच अमेरिकेतही हक्क विकले गेले. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली १८५३ मध्ये, यावरून काळाचा अंदाज येईल.

सगळं गोड मात्र नव्हतं. ॲनेरॉइड बॅरोमीटर बनवणाऱ्या ल्युसियाँ विदीने त्याला कोर्टात खेचलं. दाबाने वाकणारा धातू ही कल्पना आपली, असा त्याचा दावा. खटला वर्षानुवर्षं चालला आणि शेवटी बोर्डनला भरपाई द्यावी लागली. तरी नाव राहिलं ते बोर्डनचंच.

१८७२ मध्ये त्याने धंदा मुलाकडे सोपवला, पण प्रयोग थांबले नाहीत. वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्राची चाचणी घेताना तो पडला आणि २९ सप्टेंबर १८८४ रोजी गेला. वय ७६. शेवटच्या दिवसांतही डोळ्यांना न दिसणारी एक गोष्ट मोजायचंच काम चालू होतं.

केशोरीच्या पिकअपमध्ये बोर्डन

माझं गाव केशोरी, तालुका अर्जुनी मोरगाव. इथली मिरची प्रसिद्ध आहे. धान आणि मिरचीच्या हंगामात पिकअपला उसंत नसते. आमच्या काकाजींच्या गाडीत मी ऑईल प्रेशरचं वेगळं गेज बसवलं. गाडीत कंपनीचा लाल दिवा असतोच. पण आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत तो दिवा म्हणजे बूलियन, फक्त हो किंवा नाही. तो पेटतो तेव्हा प्रेशर जवळजवळ गेलेलं असतं. काटा मात्र हळूहळू उतरताना दिसतो. भरल्या गाडीचं इंजिन जाम होणं आणि वेळेत गाडी बाजूला घेणं, यातला फरक तोच.

बसवताना या गोष्टी सांभाळा:

१. जागा. ५२ मिलिमीटरचं गेज डॅशबोर्डच्या वर किंवा काचेच्या बाजूच्या खांबाला, रस्त्यावरून नजर फार न हलवता दिसेल असं. रस्ता झाकायला नको. एअरबॅग उघडते ती जागा पूर्ण टाळा.

२. प्रकार. बोर्डन नळीचं ऑईल गेज घेतलं तर गरम तेलाची नळी थेट केबिनमध्ये आणावी लागते. ती फुटली तर पायावर तेल. म्हणून ऑईलसाठी इलेक्ट्रिक सेंडरवालं घ्या; तिथे केबिनमध्ये फक्त वायर येते. बूस्ट मीटरला हवेचीच नळी असते, तिथे बोर्डन चालतो.

३. सेंडर. टी जॉइंट लावून जुना स्विचही ठेवा, दिवा चालू राहिला पाहिजे. एका वायरचा सेंडर असेल तर टेफ्लॉन टेप जास्त गुंडाळू नका, त्याचं अर्थिंग आट्यांमधूनच होतं.

४. वायर. इंजिनकडून केबिनमध्ये येताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट हवंच, नाहीतर पत्रा वायर कापतो. सप्लाय चावीवर चालणाऱ्या फ्यूजमधून आणि आतल्या लाईटची वायर पार्किंग लाईटवरून घ्या. वायर जुन्या हार्नेसबरोबर बांधत न्या, पेडलजवळ लोंबकळू देऊ नका.

सफाईने बसवणं ही सजावट नाही. हलणारं, चमकणारं किंवा स्टिअरिंगमागे लपलेलं गेज ड्रायव्हर दोन दिवस बघतो आणि मग विसरतो. बोर्डनने साडेचार मीटरची नळी तळहातावर मावेल एवढी केली, ती ड्रायव्हरच्या समोर यावी म्हणून. शेवटचा फूटभर आपल्याला करायचा असतो.

आणि एक काम नक्की करा. गेज लावल्यावर पहिले आठ दिवस इंजिन गार असताना, गरम असताना, आयडलवर आणि भरल्या गाडीने चढावर काटा कुठे असतो ते वहीत लिहून ठेवा. आपल्या गाडीचा नेहमीचा आकडा माहीत असेल, तरच बिघडलेला आकडा ओळखू येईल.